वसईचा दुभाषी

सकाळी मुंबईहून विरारकडे जाणारी गाडी आणि त्याच वेळी विरारहून मुंबईकडे येणारी गाडी या दोन्ही एकाच रेल्वेच्या आहेत, यावर परक्या माणसाचा विश्वास बसायचा नाही. समोरून येणारीच्या दारांना माणसे लोंबकळत असतात आणि आपण मात्र खिडकीशी ऐसपैस बसलेले असतो. भाईंदर सोडले की खाडी लागते, दोन पुलांच्या मध्ये पाणजूचे बेट दिसते, नायगाव जाते आणि वसई रोड येते. चर्चगेटपासून अंतर अवघे ५२ किलोमीटर. पण खाडी ओलांडली की वाऱ्याला मिठागराचा वास येतो आणि आपण मुंबई सोडली अशी खात्री पटते. अर्थात ही खात्री स्टेशनाबाहेर पडेपर्यंतच टिकते. २००९ साली येथे महानगरपालिका झाली, आणि महानगरपालिकेला शोभेल अशी गर्दी त्याआधीच जमली होती.

वसईचे नाव काढले की आपल्या घरांत तीनच गोष्टी निघतात: चिमाजीअप्पा, सुकेळी आणि ‘तिकडे जागेचे भाव काय आहेत हो?’ मी ज्याच्याविषयी सांगणार आहे तो वसईकर या तिन्हींत बसत नाही.

मी गेलो होतो तो बाह्य परीक्षक म्हणून. तोंडी परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर आटोपल्या. (हल्लीच्या तोंडी परीक्षांत परीक्षकाचेच तोंड जास्त चालते.) वसईचेच एक स्नेही, मराठीचे प्राध्यापक आणि जन्माने सामवेदी ख्रिस्ती, मला किल्ला दाखवणार होते. त्यांनी भेटीची जागा ठरवली ती संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालयाच्या दाराशी. त्यांना यायला उशीर होता, म्हणून मी फाटकाशी उभ्या असलेल्या एका विद्यार्थ्याला विचारले, “हे गोन्सालो गार्सिया कोण रे?”

“आमच्या वसईचे संत, सर. जपानला गेले होते. तिथे त्यांना क्रुसावर दिलं.”

“गेले तेव्हा वय किती होतं?”

“पंधरा-सोळा असेल.” मग थोडा थांबून तो म्हणाला, “म्हणजे दहावीचा मुलगा, सर.”

एवढे बोलून तो वर्गाकडे पळाला. पण ‘दहावीचा मुलगा’ हे त्याचे शब्द माझ्या डोक्यात राहिले. मिशनरी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दाढीवाला, पांढऱ्या झग्यातला, पन्नाशीचा गोरा गृहस्थ उभा राहतो. त्याच्या जागी दप्तर पाठीवर टाकलेला पोर उभा करायचा, हे मनाला एकदम जमत नाही.

याच सुमारास माझ्या भाचीकडून ऐकलेली एक हकीकत मला आठवली. ती अमेरिकेत युटा संस्थानात शिकते. तो मॉर्मन पंथीयांचा मुलूख. त्या पंथातले मुलगे अठरा वर्षे पुरी झाली की सामान्यतः दोन वर्षे धर्मप्रचाराला जातात. पगार नाही, खर्च स्वतःचा, नाहीतर घरच्यांचा. कुठे जायचे ते पंथाचे मुख्यालय ठरवते. पांढरा सदरा, टाय, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि बरोबर सदैव एक जोडीदार. अशी पोरे विद्यापीठांच्या आवारांतूनही हिंडतात. भाची सांगत होती की तिच्या वर्गातला एक सोनेरी केसांचा मुलगा असाच मनिलाला दोन वर्षे राहून आला होता. भाचीच्या खोलीत राहणारी फिलिपिनो मुलगी एकदा सर्दीने बेजार झाली होती. तेव्हा हा तिच्याशी तिच्या भाषेत असा काही बोलू लागला, की ती रडायलाच लागली. “मामा, त्याने धर्माचं अवाक्षर काढलं नाही,” भाची म्हणाली. “पण तिला घर आठवलं.”

हा पंथ आपल्याला अगदीच परका आहे असेही नाही. १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा त्यांचा एक स्कॉटिश प्रचारक मुंबईस उतरला, तेथून पुण्यास गेला आणि मराठी शिकू लागला. तीनेक वर्षांच्या खटपटीनंतर मूठभर माणसे जमवून तो परत गेला. पुण्याने त्याच्याशी कितपत वाद घातला असेल, याची कल्पना पुणेकरांनीच करावी.

स्नेही आले आणि आम्ही रिक्षाने किल्ल्याकडे निघालो. पारनाका मागे पडला, ताडाची झाडे दाट झाली आणि रस्ता भुई दरवाज्याच्या काळ्या तटांमधून वळत आत शिरला. वसईचा किल्ला डोंगरी किल्ल्यासारखा छाती काढून उभा नाही. समुद्र आणि खाडी यांच्या कुशीत ते एक मोडलेले शहर पडले आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पाने ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत येथे देवळांची जागा चर्चांनी घेतली, मठ उठले, वाडे उठले. आता भिंतींतून पिंपळ आणि वड वाढले आहेत. सुट्टीच्या दिवशी लग्न ठरलेली जोडपी छायाचित्रे काढून घेण्यासाठी छायाचित्रकारासह येतात. आम्ही गेलो तेव्हा गुलाबी झग्यातली एक मुलगी कमानीखाली उभी राहून पुन्हा पुन्हा हसत होती. झग्याचे टोक धरून बसलेली तिची धाकटी बहीण मात्र कंटाळून गेली होती.

स्नेह्यांनी मला थेट येशूसंघीयांच्या चर्चपाशी नेले. त्याचे दर्शनी तोंड अजून शाबूत आहे. उंच कोरीव खांब, मध्ये कमान आणि वर येशूच्या नावाची तीन अक्षरे. या चर्चला आता लोक गोन्सालो गार्सियाच्याच नावाने ओळखतात. शेजारी ओसाड पडलेला चौक दिसतो, तेच जुने कॉलेज. १५४८-४९ च्या सुमारास येशूसंघाने वसईत शाळा सुरू केली, आणि पुढे ‘येशूचे पवित्र नाम’ हे नाव मिरवणारे कॉलेज येथे उभे राहिले. चौकात गवत गुडघाभर वाढले होते आणि एक शेळी शांतपणे चरत होती.

“इथंच शिकला तो,” स्नेही म्हणाले. “आठेक वर्षं.”

गोन्सालो जन्मला १५५७ च्या सुमारास, याच वसईत. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथलीच. बापाच्या जातीवरून दरबारात जागा मिळायची आणि आईच्या जातीवरून ती अडायची, असा तो जमाना होता. सेबास्तियाव गोन्साल्विस नावाच्या पाद्र्याने या मुलाला वाचन, लेखन आणि प्रार्थना शिकवल्या. १५७२ साली तो पाद्री जपानला निघाला तेव्हा शिष्यालाही बरोबर घेऊन गेला. दहावीचा मुलगा निघाला तो असा! तेव्हाचा प्रवास म्हणजे गोवा, मलाक्का, मकाव असे टप्पे घेत शिडाच्या जहाजातून जायचे, आणि वारा फिरला तर बंदरात महिनोन्‌महिने वाट पाहत बसायचे.

जपानमध्ये त्याने काय केले? त्याने जपानी भाषा आत्मसात केली. चरित्रकार त्याचे इतर गुण सांगतात, पण सगळ्यांचे एकमत या एका गुणावर आहे. आठ वर्षे तो पाद्र्यांचा सहायक म्हणून गावोगाव हिंडला, मुलांना जमवून धर्मपाठ शिकवत राहिला आणि वडीलधाऱ्यांपुढे पाद्र्यांचे म्हणणे जपानीत मांडत राहिला. येथे मला, मराठीच्या मास्तराला, एक योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज १५७९ साली गोव्यास उतरला. तो येशूसंघीयच. तो मराठी शिकला, मराठीत ओव्या रचू लागला, आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. म्हणजे इंग्लंडचा एक तरुण आपली भाषा शिकायला समुद्र ओलांडत होता, त्याच सुमारास आपल्या वसईचा पोर टोकाच्या जपानात परक्यांची भाषा बोलत उभा होता. स्टीफन्सवर आम्ही एम.ए.च्या वर्गात तासच्या तास घेतो. गोन्सालोने ग्रंथ लिहिला नाही, म्हणून त्याच्यावर प्रश्न येत नाही.

आठ वर्षे राबल्यावर आपल्याला येशूसंघात रीतसर घ्यावे अशी त्याची इच्छा होती. ती पुरी झाली नाही, असे त्याचे चरित्रकार सांगतात. हे ऐकताच मी आणि स्नेही दोघेही एकमेकांकडे पाहून हसलो. आमच्या दोघांच्याही विभागांत तासिका तत्त्वावर शिकवणारी हुशार पोरे आहेत. तीही आठ-आठ वर्षे शिकवतात, त्यांच्यावाचून वेळापत्रक चालत नाही, आणि कायम करायची वेळ आली की काहीतरी आडवे येते. “सर, ही परंपरा वसई कॉलेजपासूनची आहे तर!” मी म्हणालो.

गोन्सालो रुसून घरी परत आला नाही. त्याने पूर्वेकडच्या बंदरांतून व्यापार सुरू केला आणि तो चांगला चालला. भाषा येणाऱ्या माणसाला बंदरात तोटा नसतो. घर करावे, पैसा जमवावा आणि म्हातारपणी जपानच्या गोष्टी सांगाव्यात, असा हा ठिकाणा होता. परंतु तो मनिलाला गेला, तेथे फ्रान्सिस्कन संन्याशांच्या सहवासात आला आणि त्यांच्या संघात शिरला. तोही पाद्री म्हणून नव्हे. नुसता ‘ब्रदर’ म्हणून. म्हणजे स्वयंपाक, झाडलोट, आजाऱ्यांची सेवा.

१५९२ साली फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नराला जपानकडे वकील पाठवायची निकड पडली. जपानचा सर्वसत्ताधीश हिदेयोशी फिलिपाइन्सकडे मांडलिकत्व मागत होता. पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कनाला वकील नेमले. त्याला जपानीचा गंध नव्हता. तेव्हा झाडलोट करणाऱ्या ब्रदरची आठवण झाली! १५९३ मध्ये हिदेयोशीपुढे ही मंडळी उभी राहिली तेव्हा एका बाजूला स्पेनचा ताठा, दुसऱ्या बाजूला जपानचा, आणि मध्ये वसईचा दुभाषी. ज्यांनी कधी भांडणाऱ्या दोन व्याह्यांमध्ये निरोप्याचे काम केले असेल त्यांना त्याची अवस्था कळेल. येथे तर शब्द चुकला तर मान जायची.

पुढली चार वर्षे क्योतो आणि ओसाकाच्या बाजूला या मंडळींनी चर्च बांधले आणि महारोग्यांसाठी इस्पितळ काढले. मिशनऱ्यांनी जपान सोडावे असा हुकूम १५८७ सालीच निघाला होता, पण त्याची अंमलबजावणी ढिली होती. १५९६ च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यावर फुटले. मालाच्या जप्तीवरून तंटा झाला, संशय वाढला, हिदेयोशी खवळला आणि धरपकड सुरू झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय जपानी आणि सतरा जपानी गृहस्थ, अशा सव्वीसजणांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांना गाड्यांतून गावभर फिरवले, आणि ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंत चालवत नेले. सव्वीसांतला सर्वांत धाकटा, लुईस इबाराकी, बारा वर्षांचा होता. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर त्या सर्वांना क्रुसांना जखडून भाल्यांनी मारले. गोन्सालोचे वय तेव्हा चाळीसच्या आसपास होते.

१८६२ साली रोमने या सव्वीसजणांना संतपद दिले. भारतात जन्मलेला हा पहिला कॅथलिक संत. शंभर वर्षांनी, १९६२ मध्ये, निशिझाका टेकडीवर स्मारक आणि संग्रहालय झाले. तेथील सव्वीस कांस्यमूर्तींच्या ओळीत एक वसईचा आहे.

हे सगळे ऐकत आम्ही दर्या दरवाज्यापर्यंत आलो होतो. बाहेर कोळ्यांच्या होड्या होत्या, बोंबील वाळत होते, खाडीला ओहोटी लागली होती. माझ्या मनात एक प्रश्न मघापासून घोळत होता. स्नेह्यांशी संबंध असा, की तो गिळून बसणे मला अप्रामाणिक वाटले. मी म्हणालो, “सर, त्या मुलाच्या धैर्याबद्दल मला आदर वाटतो. पण त्याला ज्यांनी शिकवलं, त्यांच्याच राज्यात निर्मळचं विमलेश्वराचं देऊळ पाडलं गेलं. कॉलेज आणि पाडापाडी एकाच हुकमतीची. तुम्ही हे मनात कसं बसवता?”

ते रागावले नाहीत. म्हणाले, “बसत नाही. मी वर्गात दोन्ही सांगतो. तो बसवायचा प्रश्न नाहीच. आमचे पूर्वज ख्रिस्ती झाले ते कुणी श्रद्धेने, कुणी भीतीने, कुणी शेत वाचावं म्हणून. त्यांना विचारायला आता जाता येत नाही. मात्र १७३९ ला पोर्तुगीज गेले तेव्हा आम्ही त्यांच्याबरोबर गेलो नाही, एवढं खरं. बोली तीच राहिली, लुगडं तेच राहिलं, शेत तेच राहिलं. विमलेश्वर मराठ्यांच्या अमलात पुन्हा उभा राहिला. कार्तिक वद्य एकादशीला निर्मळची जत्रा भरते, तेव्हा सुकेळी घ्यायला माझी आई सगळ्यांत पुढं असते.”

मग जरा हसून त्यांनी भर घातली, “आणि आमच्या घंटा तर तुमच्याकडेच आहेत!” ते खोटे नव्हते. वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी चर्चांच्या घंटा नेल्या. त्यांतली एक भीमाशंकरला आहे, एक नाशिकला नारोशंकराच्या देवळात. गोदावरीच्या काठी त्या घंटेखाली मी लहानपणी अनेकदा उभा राहिलो आहे.

माझे उत्तर स्नेह्यांच्या उत्तरापेक्षा वेगळे आहे आणि ते सांगून टाकतो. राज्यकर्त्याच्या तलवारीबरोबर येणारा धर्मप्रसार मला पटत नाही. त्यात इस्पितळे असली तरी पटत नाही. पण गोन्सालो जपानला गेला तेव्हा त्याच्या पाठीशी तलवार नव्हती. ती समोरून आली. आणि धर्म बाजूला ठेवला, तरी पंधराव्या वर्षी घर सोडून परक्या मुलखातल्या पोरांशी त्यांच्या बोलीत बोलू शकणाऱ्या मुलाला वसईतच नव्हे, साऱ्या महाराष्ट्रात ओळखले पाहिजे, असे मला वाटते.

जेवायला स्नेह्यांच्या घरी गेलो. विहीर, केळीची बाग, पानवेलीचा मांडव आणि ओटीवर लाल लुगड्यातल्या आजी, म्हणजे स्नेह्यांच्या मातोश्री. वय ऐंशीच्या पुढे. त्या सामवेदी बोलीत बोलत होत्या. रुपयातले दहा आणे मला कळे, उरलेले सहा आणे स्नेही भरून काढत. भिंतीवर एका तरुणाचा फोटो होता. तो आजींचा धाकटा नातू. एकोणिसाव्या वर्षी एका धर्मसंघात गेलेला, आता झारखंडात दुमक्याच्या बाजूला संथाळांच्या गावात राहून शिकत असलेला. घरात आधी यावरून बरेच झाले होते, असे दिसले. सूनबाई ताट वाढताना त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. मुलाने इंजिनिअर व्हायचे ठरले होते, एवढेच मला नंतर कळले.

मी आजींना विचारले, “आजी, तुम्ही होकार दिलात?”

“मास्तर, विचारलं कुणी?” त्या म्हणाल्या. “त्याने सांगितलं.”

गोन्सालोच्या आईविषयी मी वाचलेली चरित्रे एका ओळीपुढे जात नाहीत. ती इथली होती, बस. ताटावर बसल्या बसल्या मला ती ओळ पुन्हा आठवली. तिला कुणी विचारले होते का? नागासाकीची बातमी वसईत पोचायला किती पावसाळे लागले असतील, आणि पोचली तेव्हा ती होती का?

दुपारी त्या मुलाचाच फोन आला; मोबाईलवर त्याचे तोंड दिसत होते, मधूनमधून थिजत होते. बारीक झाला होता. आजींनी फोन हातात घेतला आणि तो जवळजवळ नाकाला लावला. त्यांची पहिली चौकशी अशी होती की तिथे प्रार्थना कोणत्या भाषेत करतात.

“संथाळीत, आजी.”

“मग आपली विसरशील.”

“नाही विसरत. तू शीक ना संथाळी! भेटल्यावर काय म्हणायचं सांगू? दोन्ही हात जोडायचे आणि म्हणायचं, जोहार.”

मी चमकलो. चोखोबांच्या जोहारावर मी दरवर्षी शिकवतो. मी काही बोलण्याआधीच आजी फोनकडे पाहून हसू लागल्या आणि भरभर काहीतरी म्हणाल्या. या वेळी मला चार आणेसुद्धा कळले नाही. मी स्नेह्यांकडे पाहिले.

“ती म्हणते,” स्नेही म्हणाले, “हे तू मला काय शिकवतोस? मी लहान असताना डोंगरातनं वारली बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन आपल्या वाडीत यायच्या, त्या दारात उभ्या राहून हेच म्हणायच्या.”

आजींनी फोनपुढे दोन्ही हात जोडले, तेवढ्यात तो हातातून निसटला. सूनबाईंनी तो झेलला आणि तशाच धरून बसल्या. पलीकडून मुलगा “आई, आई” म्हणत होता. त्यांनी त्याला विचारले, दुपारी काय जेवलास?